पाकिटातलं व्हेज चिकन, व्हेज खिमा घरी चाखून कसं पारखायचं

श्रावण जवळ आला की मांसाहारी घरांमधे दरवर्षी हा विषय निघतोच, की ते पाकिटात व्हेज चिकन, व्हेज खिमा, सोया चाप वगैरे मिळतं त्यातलं घ्यायचं कुठलं. काही घरं श्रावण संपला तरी गणपती होईपर्यंत पाळतात, काहींनी मटण कायमचंच सोडलंय, कोणाला डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय, आणि जिभेला मात्र रश्शात चावायला काहीतरी हवं असतं. मग कोणीतरी एक पाकीट आणतं, एकदा बनवतं, "छे, काही मजा नाही" म्हणतं आणि विषय संपतो.

मला मनापासून वाटतं की यात निम्म्या वेळा पाकिटापेक्षा चाखायची पद्धत चुकलेली असते. पहिल्याच दिवशी ते कोल्हापुरी मसाल्यात घातलं तर तोंडात येते ती मसाल्याची चव, आणि नुसतं तळून खाल्लं तर डोक्यात फक्त "चिकनसारखं आहे का" एवढंच चालू असतं. म्हणून दोन वेळा चाखायचं, आधी नुसतं मीठ-तेलावर आणि मग तुमच्या घरच्या मसाल्यात, आणि दोन्ही वेळा पाकीट लपवून. एका रविवारी जमण्यासारखं काम आहे.

आधी पदार्थ ठरवा, मग दुकानात जा

"सगळ्यात चांगलं व्हेज मीट कुठलं" हा प्रश्नच सोडून द्या, त्याला उत्तर नाही. खिमा-पाव करायचाय, सुकं करायचंय, तांबडा रस्सा करायचाय का मुलांच्या डब्याला नगेट्स द्यायचेत, हे आधी ठरवा. खिम्याला बारीक दाणा लागतो आणि तो मऊ असला तरी चालतं, सुक्याला धागे सुटणारं काहीतरी लागतं, रश्शात वीस मिनिटं उकळून न विरघळणारं लागतं. एकच वस्तू तिन्हीकडे चालत नाही.

बाजारात साधारण चार-पाच जातीचा माल असतो. सगळ्यात स्वस्त आणि कुठल्याही किराणा दुकानात मिळणाऱ्या त्या सोया वड्या म्हणजे चंक्स, आणि त्यांचाच बारीक चुरा म्हणजे ग्रॅन्युल्स. सोयाबीनचं तेल काढल्यावर जे पीठ उरतं ते दाब आणि उष्णता देऊन मशीनमधून काढतात, म्हणून त्याला ती जाळीदार रचना येते. दुसरी सोया चाप, मूळ दिल्ली-पंजाबकडची, सोया आणि मैदा किंवा गव्हाचं ग्लूटेन म्हणजे त्यातलं चिकट प्रोटीन मिसळून काडीला गुंडाळलेली, फ्रोजन किंवा डब्यात मिळते. तिसरी नव्या कंपन्यांची फ्रोजन किंवा रेडी-टू-कुक पाकिटं, खिमा, सीख कबाब, नगेट्स. उदयपूरची गुडडॉट, मुंबईची ब्लू ट्राइब, २०२१ मधे रितेश आणि जेनेलिया देशमुखांनी सुरू केलेली इमॅजिन मीट्स ही त्यातली माहितीतली नावं. चौथा कच्चा फणस, गोव्याची वाकाओ तो पाकिटात विकते, पण कोकणातल्या माणसाला फणस काय हे सांगायला नको. आणि टोफू म्हणजे सोयाचं पनीर, टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, हे वेगळंच प्रकरण, ते मांसासारखं असल्याचा आव आणत नाहीत.

एका वेळी तीन, फार तर चार वस्तूच घ्या, त्याच्या पुढे जीभ थकते आणि सगळं सारखंच लागायला लागतं. त्यात एक तरी साध्या सोया वड्या किंवा ग्रॅन्युल्स असू द्याच. महागडं पाकीट त्यांच्यापेक्षा किती पुढे आहे हेच तर बघायचंय.

पाकिटाची मागची बाजू

हे दुकानातच करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली की तुम्ही कशाला पैसे देताय ते कळतं. पाणी, मैदा, तेल असं सुरू होत असेल तर ते नगेटचं कव्हरच जास्त आहे. चौकोनातला हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, पण त्यात दूध असू शकतं. दूधही नको असेल तर वीगनचं वेगळं चिन्ह असतं ते बघा. सोया किंवा ग्लूटेनची ॲलर्जी असणारं कोणी चाखायला येणार असेल तर ॲलर्जीची ओळ आधी वाचा, आणि घरात कांदा-लसूण न खाणारं कोणी असेल तरीही यादी वाचा, कारण बऱ्याच पाकिटांमधे कांदा-लसणाची पावडर असते.

मग सोडियम. आपल्याकडे लेबलवर दिवसाचं प्रमाण २००० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. तयार कबाब-नगेट्समधे मीठ बरंच असू शकतं, आणि खारट वस्तू आंधळ्या चाचणीत, म्हणजे पाकीट लपवून चाखताना, चविष्ट वाटून पुढे जाते, तेव्हा हा आकडा वहीत लिहून ठेवा. आकडे नेहमी १०० ग्रॅमचेच एकमेकांशी लावून बघा, सर्व्हिंगचे नको, कारण सर्व्हिंग प्रत्येकाची वेगळी असते.

प्रोटीनचा घोळ तर सगळेच करतात. कोरड्या सोया वड्यांवर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लिहिलेलं असतं आणि ते खरं आहे, पण त्या वड्या भिजून दोन-अडीचपट पाणी पितात, म्हणजे ताटात येणाऱ्या १०० ग्रॅम वड्यांमधे ते साधारण १५ ते १७ ग्रॅम उरतं. फ्रोजन पाकिटावरचा आकडा पाण्यासकटचा असतो. तेव्हा कोरड्याची तुलना भिजवून वजन करूनच करा, आणि किंमतही तशीच भिजलेल्या वजनावर काढा. फणसात प्रोटीन १०० ग्रॅमला तीन ग्रॅमसुद्धा नसतं, त्यामुळे प्रोटीनसाठी तो घ्यायचाच नाही, तो धाग्यांसाठी घ्यायचा.

कोणाला बसवायचं

चार ते सहा जण पुरतात, पण ते मिसळलेले हवेत. मटण खाणारा एक तरी हवा, सोडून काही वर्षं झालेला एक, आणि जन्मापासून शाकाहारी असलेला एक. मात्र शाकाहारी माणसाला आधी विचारा. मांसासारखा वास किंवा धागा असलेली वस्तू काहींना तोंडाजवळही नेववत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे, आग्रह करू नका, आणि फसवून तर मुळीच खाऊ घालू नका. जे तयार होतात त्यांचं मत मात्र लाखमोलाचं असतं, कारण ते चिकनशी तुलना करत नाहीत, ही वस्तू खायला चांगली आहे का एवढंच सांगतात.

पहिली फेरी, नुसतं मीठ आणि तेल

सोया वड्या मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, गार पाण्यात घाला, दोन्ही तळव्यांमधे दाबून पिळा, पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळा. पहिलं पाणी पिवळट, फेसाळ निघतं आणि त्याला कच्च्या सोयाचा उग्र वास असतो, तो वास दोन-तीन पाण्यांत बराच जातो. ज्यांना "सोयाला वास येतो" ही तक्रार असते त्यांनी बहुतेक वेळा पिळण्यात घाई केलेली असते. फ्रोजन मालाला पाकिटावर लिहिलंय तसंच शिजवा, आतपर्यंत वाफ निघाली पाहिजे, कच्चं चाखायचं नाही, आणि एकदा वितळलेलं परत फ्रीझरला टाकायचं नाही.

मग सगळ्या वस्तू सारख्या आकाराच्या कापून एकाच तेलात, तेवढ्याच मिठात, जाड तव्यावर परता. नगेट्सचं कव्हर सोलून आतलं वेगळं चाखा, कारण कुरकुरीत ब्रेडक्रम्स कोणालाही आवडतात.

वाट्या एकसारख्या घ्या आणि खाली चिठ्ठी चिकटवा. अ-ब-क किंवा १-२-३ लिहू नका, पहिल्या नंबरकडे माणसाचा कल नकळत जातो. ४१७, ८६२, ५३९ असे कुठलेही तीन आकडी नंबर द्या. वाढणारा माणूस चाखणाऱ्यांत नको, आणि प्रत्येकाला वाट्या वेगळ्या क्रमाने द्या, कारण भूक असताना खाल्लेला पहिला घास कधीही जास्त गोड लागतो. एक वस्तू मुद्दाम दोन नंबरांखाली ठेवा. ज्याने त्या दोघींना अगदीच वेगळे मार्क दिले त्याच्या त्या दिवशीच्या मतावर फार विसंबायचं नाही. दोन वाट्यांच्या मधे कोमट पाणी आणि बिनमिठाच्या पोळीचा तुकडा किंवा काकडी. चहा, पान, तंबाखू आधी अर्धा तास नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. एकाने तोंड वाकडं केलं की पुढच्या पाच जणांचं मत तिथेच ठरतं.

काय टिपायचं

वास आधी, घास नंतर. मग बोटांनी तुकडा फाडून बघा. सोया वडी स्पंजसारखी तुटते, धागा नसतो, छिद्रं दिसतात. चापचे काडीभोवतीचे पदर उलगडत जातात. फणसाचे तर बोटांत लांब धागे सुटतात, अगदी शिजलेल्या मटणाच्या रेषांसारखे, पण दाताखाली गेले की दोन चाव्यांत संपतात. ही गंमत बघायलाच पाहिजे, डोळ्याला जे सगळ्यात जास्त मांसासारखं दिसतं ते चावायला सगळ्यात लांबचं निघू शकतं. म्हणून दिसणं आणि चावणं यांना वेगळे मार्क द्या.

घास गिळल्यावर थोडं थांबा आणि मागून काय येतं ते लिहा. कडवटपणा, पिठूळपणा, कच्च्या शेंगांसारखी चव, हे सगळं मागूनच येतं आणि मसाल्यातही पुन्हा डोकं वर काढतं.

तोच तुकडा गार झाल्यावर परत खा. बऱ्याच तयार कबाब-पॅटीमधे मिश्रण बांधून ठेवायला मिथाइल सेल्युलोज असतं, लेबलवर ४६१ नंबरने दिसतं, आणि त्याचा स्वभाव असा की गरम असताना घट्ट धरतं आणि गार झालं की सैल पडतं. तव्यावरून उतरताना झकास वाटलेला कबाब डब्यात दुपारी लिबलिबीत का होतो त्याचं हे एक कारण. डब्यासाठी घेत असाल तर गार चवीलाच जास्त वजन द्या.

दुसरी फेरी, तुमच्या मसाल्यात

आता पहिल्या फेरीत वर आलेल्या दोन वस्तू घ्या आणि नेहमीचा पदार्थ करा, मसाला एकाच पातेल्यात करून मग दोन भाग करा म्हणजे भांडण नको.

इथे त्रिकोणी चाचणी म्हणून एक सोपा प्रकार वापरा. प्रत्येकाला तीन वाट्या द्यायच्या, दोन सारख्या आणि एक वेगळी, आणि वेगळी कुठली ते ओळखायला सांगायचं. समजा महागडा फ्रोजन खिमा आणि साधे सोया ग्रॅन्युल्स अशी जोडी आहे. सहा जणांत दोघांचं उत्तर तर नुसत्या नशिबाने बरोबर येऊ शकतं, त्यामुळे दोघांनी-तिघांनी ओळखलं याला अर्थ नाही, पाच जणांनी ओळखलं तर फरक खरोखर आहे असं माना. आणि नसेल ओळखता येत, तर त्या पदार्थासाठी जास्तीचे पैसे कशाला द्यायचे? खिमा-पाव, समोसा, कटलेट अशा बारीक आणि मसालेदार पदार्थांत हे बऱ्याचदा घडतं. मोठे तुकडे असलेल्या सुक्यात किंवा कबाबात लपायला जागा नसते.

रस्सा करणार असाल तर एक गोष्ट माझ्या मालवणी मावशीने अगदी बरोबर पकडली होती. वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "तुकडा चांगला आहे गं, पण रश्शात हाडाचा अंश नाही." मटणाचा रस्सा दाट होतो तो हाडांतून आणि चरबीतून उतरणाऱ्या रसामुळे, आणि सोया किंवा फणस रश्शाला ते काही देत नाहीत, उलट वड्या रस्साच पिऊन टाकतात. हा तुकड्याचा दोष नाही, त्याचे मार्क कापू नका. सुकं खोबरं आणि कांदा जास्त वेळ खरपूस भाजून वाटण वाढवा, तेल थोडं सढळ हाताने घाला म्हणजे तवंग येईल, आणि वड्या रश्शात टाकायच्या आधी वाटणाच्या अर्ध्या भागात, मीठ-हळद लावून अर्धा तास मुरवा. पिळलेली वडी जे पहिलं पाणी पिते तेच तिच्या पोटात राहतं, ते साधं पाणी असेल तर चावल्यावर तोंडात साधं पाणीच येणार.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी गरम करून पुन्हा चाखा. सोया वड्या बहुतेक वेळा सुधारतात. फणस जास्त शिजला असेल तर रश्शात विरघळून जातो. चाप फुगते, त्यामुळे ती ग्रेव्हीत घालायची तर त्याच जेवणापुरती करा.

शेवटी वही उघडा

नंबर आणि पाकिटं आता जुळवा. प्रत्येक वस्तूसमोर चार गोष्टी लिहा, कुठल्या पदार्थाला चालली, गार झाल्यावर कशी होती, १०० ग्रॅममधे सोडियम किती, आणि ताटातल्या १०० ग्रॅमला पैसे किती पडले. सरासरी मार्क काढत बसू नका, कारण दोघांना प्रचंड आवडलेली आणि दोघांना अजिबात न आवडलेली वस्तू सरासरीत "ठीक" दिसते आणि ते खोटं आहे. कोणाला का आवडली नाही ते शब्दांत वाचा, "पिठूळ लागतं" आणि "मांसासारखं लागतं म्हणून नको" ह्या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीवर दुसरं पाकीट हा उपाय आहे. दुसरी तक्रार ज्यांची आहे त्यांच्यासाठी त्याच मसाल्यात मशरूम, सुरण किंवा डाळीच्या वड्या करा.

आणि कंपनी पाकिटावर "नवीन, सुधारित" असं छापायला लागली की त्या वस्तूची पहिली फेरी परत घ्या, बहुतेकदा आतलं मिश्रण बदललेलं असतं.