सगळ्या क्लेसाठी एकच बंदूक घ्यायचीय? मग आधी एवढं बघून घ्या

हवेत फेकलेली ठिसूळ चकती, म्हणजे क्ले, छर्ऱ्यांनी फोडायचे ट्रॅप, स्कीट आणि स्पोर्टिंग हे तिन्ही खेळ एकाच शॉटगनवर खेळायचे असतील तर दुकानात जायच्या आधी घरी बसून कागदावर लिहून काढा की तुम्ही १०० क्ले मारता त्यातल्या खरंच किती कुठल्या खेळाच्या असतात. मनातलं नाही, खरं. ८० ट्रॅपच्या निघाल्या तर सरळ ट्रॅपची बंदूक घ्या आणि पुढचं वाचूच नका. थोडं थोडं सगळंच असेल तर मात्र उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे, १२ बोअरची वर-खाली दुनळी म्हणजे ओव्हर-अंडर, स्पोर्टर प्रकारची (स्पोर्टिंगसाठी बनवलेली), ३० इंची नळ्या, बदलता येणारे चोक (नळीच्या तोंडाशी बसणारी, छर्रे किती पसरतील ते ठरवणारी नळकांडी) आणि वर-खाली होणारा कॉम्ब, म्हणजे दस्त्यावर गाल टेकतो तो भाग. लायसन्सचे कागद तुम्ही राहता तिथल्या नियमाने आधी पूर्ण करा, मग पुढे.

आता स्पोर्टरच का? ट्रॅपमध्ये क्ले तुमच्यापासून लांब पळत असते आणि वर चढत असते, म्हणून ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडी वर मारते, म्हणजे क्ले झाकली न जाता नळीच्या वर दिसत राहते आणि तरी छर्रे तिच्यावर जातात. स्कीटमध्ये क्ले आडवी जाते आणि मधल्या स्टेशनांवरून (म्हणजे उभं राहायच्या ठरलेल्या जागांवरून) ती असते जेमतेम २० मीटरवर, तिथे बघाल तिथेच मारणारी सपाट बंदूक पाहिजे. स्पोर्टिंगमध्ये तर काय वाट्टेल ते येतं, जमिनीवरून उड्या मारत जाणारा रॅबिट, डोक्यावरून येणारी, पडत जाणारी. मी पहिली बंदूक ट्रॅपची घेतली होती, उंच रिबवाली, म्हणजे नळीवरची पट्टी उंच असलेली, दिसायला राजेशाही. ट्रॅपला धडाधड फुटायच्या, आणि स्कीटच्या पहिल्या स्टेशनवर उंच घरातून, म्हणजे क्ले फेकणाऱ्या उंच खोलीतून, डोक्यावरून निघून खाली उतरत जाणारी सगळ्यात सोपी क्ले, ती फुटेचना. मागे उभा असलेला दोस्त दरवेळी तेच सांगायचा, वरून गेलं, वॉड (काडतुसातून छर्ऱ्यांबरोबर बाहेर पडणारी डट्टी) दिसली वरून जाताना. मी महिनाभर मानलंच नाही.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ मापावर घालवा. आधी तुमचा बलवान डोळा कुठला ते बघा, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या एका वस्तूवर अंगठा धरा आणि मग एकेक डोळा मिटा, जो मिटल्यावर अंगठा उडी मारतो तो तुमचा बलवान. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डोळा डावा असेल तर हे आत्ताच कळलेलं बरं. मग बंदूक रिकामी आहे हे उघडून, नळ्यांतून आरपार बघून खात्री करा, सुरक्षित दिशेला तोंड करा, डोळे मिटून खांद्याला लावा आणि गाल टेकल्यावरच डोळे उघडा. मान वाकवून बंदुकीशी जुळवून घ्यायचं नाही, बंदुकीने तुमच्याशी जुळायला पाहिजे. नळीवर पुढे टोकाला आणि मध्ये असे दोन मणी असतील तर ते एकावर एक बसून इंग्रजी आठचा आकडा दिसतो का बघा (आपला ८ नाही, त्याच्यावरून एकाला मी बराच वेळ गोंधळात टाकलं होतं). असा आठ दिसला तर बंदूक साधारण थोडी वर मारणार, पुढचा मणी मागच्याने झाकला गेला तर सपाटाच्या जवळ, आणि दोघांच्या मध्ये रिबचा लांब पट्टा दिसला तर तुम्ही फार वरून बघताय.

पण मण्यांवर पूर्ण विश्वास ठेवू नका, कागदावर मारून बघा. डोळ्यापासून पुढचा मणी ९० ते ९५ सेंमीवर असतो, त्यामुळे कॉम्ब नुसता १ मिमी वर केला की ३५ मीटरवर मार जवळजवळ ४ सेंमी वर सरकतो. एवढ्याशा बदलाचा एवढा फरक! तिन्ही खेळांसाठी मी ६०-४० वर ठेवतो, म्हणजे निशाण्याच्या वर ६० टक्के छर्रे आणि खाली ४०, आणि ट्रॅपच्या दिवशी कॉम्ब २ मिमी उचलतो. दोन्ही जागांवर पेन्सिलने खूण करून ठेवलीय.

चोकमध्ये लोक उगाच गुंततात. स्कीटला मोकळा स्कीट चोक, ट्रॅपला आवळ, म्हणजे इम्प्रूव्ड मॉडिफाइड आणि फुल, स्पोर्टिंगला मधले, म्हणजे इम्प्रूव्ड सिलिंडर आणि मॉडिफाइड लावा आणि विसरून जा. ३६ मीटरवर ३० इंची वर्तुळात फुलचे साधारण ७० टक्के छर्रे बसतात, इम्प्रूव्ड सिलिंडरचे ५०, बस एवढं लक्षात ठेवा. दुनळीचा फायदा इथेच आहे, पहिली क्ले जवळ आणि दुसरी लांब असेल तर दोन नळ्यांना दोन वेगळे चोक. सेमी-ऑटोमध्ये, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीत, एकच नळी, एकच चोक. खांदा नाजूक असेल तर गॅसवाली (काडतुसाच्याच गॅसच्या दाबावर चालणारी) सेमी-ऑटो दणका खरंच कमी देते, मी तिला नाही म्हणत नाही, फक्त ट्रॅपच्या रांगेत रिकामी काडतुसं शेजाऱ्याच्या अंगावर उडतात तेव्हा तो ज्या नजरेने बघतो ती सहन करायची तयारी ठेवा. पंप, म्हणजे दरवेळी हाताने मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची बंदूक, मात्र डबल्सला (दोन क्ले एकदम) नको, हात सरकण्याआधी दुसरी क्ले गेलेली असते.

वजन साडेतीन किलोच्या वर, पावणेचारच्या आत. हलकी बंदूक दुकानात गोड वाटते, पन्नासाव्या काडतुसाला कळतं. ट्रिगर मेकॅनिकल आहे का इनर्शिया (पहिल्या बाराच्या दणक्याने दुसरी नळी तयार करणारा) ते विचारा, कारण इनर्शियावाल्यात पहिलं काडतूस फुसकं निघालं की दुसरी नळी तयारच होत नाही आणि जोडीतली दुसरी क्लेही गेली. काडतुसं २४ ग्रॅम छर्ऱ्यांचीच घेऊन सराव करा, ऑलिंपिक पद्धतीच्या ट्रॅप आणि स्कीटच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याहून जड चालत नाहीत, छर्रे स्कीटला ९ नंबरचे, ट्रॅपला साडेसातचे.

पैसे द्यायच्या आधी कोणाची तरी तशीच बंदूक मागून निदान दोन राउंड, म्हणजे ५० क्ले, मारून बघा. दुकानदार म्हणाला की दस्ता नंतर कापून देऊ, तर म्हणा आधी कापा. कोरीवकाम आणि लाकडाचे डोळे दिपवणारे रेषारेषांचे नमुने शेवटी बघा. आणि चोकची चावी बॅगेच्या बाहेरच्या खिशात ठेवा, मी दोनदा आतले सगळे मोजे-टॉवेल उपसत बसलोय आणि अख्खं स्क्वाड माझ्यासाठी उभं होतं.