नवा टीव्ही आणि लर्निंग रिमोट: अर्धी बटणं शिकतच नव्हती, ते असं सुटलं

नवीन टीव्ही आल्यावर आपल्या जुन्या लर्निंग रिमोटला (दुसऱ्या रिमोटचे सिग्नल शिकून घेणारा रिमोट) त्याची बटणं शिकवायला बसलो, तर पॉवर आणि व्हॉल्यूम लगेच घेतलं पण होम, बॅक, बाण काही केल्या घेईना, नुसता लाल लाइट लुकलुकून एरर. बॅटऱ्या बदलल्या, ढिम्म फरक नाही.

मग मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून टीव्हीच्या रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरलं (मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा आयआर, म्हणजे इन्फ्रारेड हा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, अडवणारा फिल्टर असतो, त्यात दिसेलच असं नाही). पॉवर दाबलं की जांभळट ठिपका चमकतो, होम दाबलं की काहीच नाही! म्हणजे ती बटणं ब्लूटूथवर चालतात आणि लर्निंग रिमोटला कळतं फक्त इन्फ्रारेड, तो बिचारा शिकणार काय, कप्पाळ?

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन रिमोट अनपेअर केला, म्हणजे त्याची ब्लूटूथ जोडणी तोडली, आणि तीच बटणं आयआरवर आली. सगळ्याच टीव्हींत असं होत नाही, पण करून बघायला काय जातंय. व्हॉइसचं बटण मात्र विसरा.

एक भानगड उरली, व्हॉल्यूम एकदा दाबला की सुसाट वर जायचा. शिकवताना बटण दाबून धरलं तर कोडच्या मागून येणारे रिपीट सिग्नलपण रेकॉर्ड होऊ शकतात, म्हणून तेवढं एक बटण परत शिकवलं, हलकेच टिचकी मारल्यासारखं दाबून. दोन्ही रिमोट समोरासमोर, मध्ये 3-4 सेंमी अंतर, आणि खिडकीचा पडदा ओढून, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच.