कलमाच्या चाकूला घरच्या घरी म्यान

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, ओझर, पिंपळगावकडे ऑगस्ट-सप्टेंबरात जंगली खुंटावर द्राक्षाचं कलम भरायची कामं चालतात. टोळीतल्या बऱ्याच जणांचे चाकू हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं ग्राइंडरवर घासून केलेले असतात. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि धार अशी की काडीची पाचर एका ओढीत निघते. एवढी धार वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात ठेवतात! मी म्यानं करायला लागलो ते या चाकूंसाठी. घरातल्या सुऱ्या नंतर आल्या.

नवीन माणूस आधी हत्यारांचं विचारतो. कटर, भोकं पाडायची आरी, स्टीलची पट्टी, पॉलिश पेपर, दोन जाड सुया, बास. चामडं शिकायचे महागडे संच घेऊ नका. वेळ घालायचा तो पुठ्ठ्यावर. चाकू पुठ्ठ्यावर ठेवून आकार काढा, दोन्ही बाजूंना १० मिमी सोडा, कापा, टाचण्या मारा आणि चाकू घालून-काढून बघा. पुठ्ठ्यात अडकला तर चामड्यातही अडकणारच.

सगळ्यात स्वस्त म्यान तर बागेतच पडलेलं असतं. ठिबकच्या १६ मिमी लॅटरल नळीचा तुकडा गरम पाण्यात बुडवून चपटा केला की साधं हॅक्सॉ पातं त्यात बसतं. टोक दुमडून तारेनं बांधा. दिसायला ओबडधोबड, पण खिसा आणि बोटं वाचतात. मोठ्या सुरीला पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून वापरता येतो. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे उकळतं पाणी पुरतं. गॅसच्या ज्योतीवर धरू नका. जळलं की निघणारा धूर घातक असतो. खाली पाणी निघायला एक भोक ठेवा.

चामड्याची सुरुवात जुन्या बेल्टवर करावी. आधी त्याची कापलेली कड बघा. आत पुठ्ठ्यासारखे थर दिसले तर तो बेल्ट सोडा, मग वर काहीही छापलेलं असो. ३५ मिमी रुंदीचे दोन तुकडे कलमाच्या चाकूला बरोबर पुरतात. पण ते नुसते एकमेकांना शिवले तर धार थेट दोऱ्यावर येते आणि चार दिवसांत टाके कापते. म्हणून दोन थरांच्या मध्ये, कडेनं, चामड्याचीच ६-७ मिमीची पट्टी घालायची. धार घासली तर त्या पट्टीवर घासते. शिकणारे नेमकी हीच पट्टी टाळतात, कारण बाहेरून ती दिसत नाही. माझ्या मते म्यान म्हणजे ही पट्टी. बाकी सगळी सजावट.

चिकटवायला चप्पल दुरुस्तीवाले वापरतात ते सोल्यूशन घ्या. दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दाबा. कडेपासून ४ मिमीवर रेघ मारा आणि जेवणाच्या काट्यानं टोचून टाक्यांची खूण करा. अंतर आपोआप सारखं येतं. आरीनं भोकं पाडा. एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घ्या. वेळ लागतो, पण मशीनच्या शिवणीसारखी ही एका तुटक्या टाक्यापासून उसवत जात नाही.

पुढे नवं चामडं घ्याल तेव्हा बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन मागा. ते कोमट पाण्यात भिजवून, चाकू प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवला आणि बोटांनी दाबलं की आकार धरतं. वाळवायचं सावलीतच. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, चामडं असा आकार धरत नाही. चामडं कुठलंही असो, ओल धरतं. पावसाळ्यात चाकू महिनोन्महिने म्यानात पडला तर गंजणारच. तेलाचा हात फिरवून वेगळा ठेवा.

विकायचा विचार असेल तर आलेली वस्तू नीट बघा. शेतीच्या आणि घरच्या सुऱ्यांचा प्रश्न नाही. पण तशा कामासाठी नसलेलं, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं. तसलं काम मी घेत नाही.

आणि ऑर्डर घेतानाच माणूस डावखुरा आहे का ते विचारा. बेल्टचा लूप कुठल्या बाजूला शिवायचा हे त्यावरच ठरतं.