रानआलं ओळखा, पण कंद उपटू नका

जुलैत आंबोलीच्या दाट रानात शिरलं की सावलीत लांबट पानांची हिरवीगार रोपं जागोजागी दिसतात. बरोबरचं कुणीतरी हमखास एखादं उपटायला वाकतं. कंदाचा वास घेतला की आलं का हळद ते कळेल, असं त्याला वाटतं. मी लगेच हात धरते. पावसाळा सरला की या रोपाचं वरचं सगळं वाळून जातं, उरतो तो कंदच, आणि पुढच्या जूनमध्ये कोंब फुटतो तोही त्यातूनच. शिवाय ओळख पटायला कंद लागतच नाही.

आधी पानं कशी लागली आहेत ते बघा. आल्याला एक डावीकडे, एक उजवीकडे, अशा दोनच ओळी. पानं जिन्यासारखी खोडाभोवती फिरत वर चढत असतील तर ते पेव. त्याच्या लाल कणसातून मोठी पांढरी फुलं येतात, आणि पान चुरगळलं तरी आल्याचा वास येत नाही. पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असेल, तर सोडून द्या. ती कळलावी, सगळीच्या सगळी विषारी. ओळख पटेपर्यंत काहीही तोंडात घालू नका.

रानहळद आणि रानआलं यांत जास्त घोळ होतो. हळदीची देठाची रुंद पानं जमिनीतूनच वर येतात. आल्याची अरुंद, जवळपास बिनदेठाची पानं उभ्या खोडावर असतात. शिंदळवण ही रानहळदच. तिच्या कणसाचा शेंडा गुलाबी, खालचे हिरवे छद (फुलांखालची पानं) एकमेकांना चिकटून खिसे झालेले आणि त्यांतून पिवळी फुलं. कासच्या उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दिसणारी चवरही हळदीच्याच वंशातली, पण ती उन्हातली.

रानआल्याचं फूल वर शोधत बसू नका. बुंध्याशी बसा, पाचोळा हलकेच सारा. कणीस वेगळ्या आखूड दांड्यावर, जमिनीलगत येतं. भिंग असेल तर पुंकेसर बघाच: त्याचं टोक लांब, निमुळतं होऊन कुक्षीवृंताला (स्त्रीकेसराच्या दांड्याला) वेढून असतं. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती हीच खूण.

फोटो काढताना अख्खं रोप, पान खोडाला धरतं तिथली पातळ जिभली, बुंधा आणि फूल, एवढं वेगवेगळं घ्या. नुसत्या पानांच्या फोटोवरून जाणकारालाही नाव सांगता येत नाही. उठण्याआधी पाचोळा पुन्हा कणसाभोवती सारा.