जुन्या गाडीची चिकटवलेली काच न फोडता कशी काढावी

जुन्या गाडीला नव्याने रंग द्यायचा असेल, तर समोरची आणि मागची काच काढून घेणेच श्रेयस्कर असते. काच जागेवर ठेवून कडेला टेप लावण्याचा पर्याय पेंटर हमखास सुचवतो आणि त्यात मजुरीही वाचते. पण काचेच्या कडेखालचा गंज तसाच राहतो व एक-दोन पावसाळ्यांत नव्या रंगाला तिथूनच फुगे येऊ लागतात. खरी अडचण असते ती काच सहीसलामत काढण्याची, कारण अनेक जुन्या मॉडेलांच्या काचा आता बाजारात मिळतच नाहीत.

आधी काच कशी बसवली आहे ते पाहावे. अँबॅसिडर किंवा प्रीमिअर पद्मिनीच्या काचा जाड रबरी बिडिंगमध्ये बसवलेल्या असतात. त्या काढण्याची रीत निराळी असून या लेखाचा तो विषय नाही. काचेभोवती जाड रबर नसेल, नुसती बारीक क्रोमची किंवा प्लास्टिकची पट्टी असेल आणि काच थेट पत्र्याच्या चौकटीवर टेकलेली दिसत असेल, तर ती चिकटवलेली आहे असे समजावे. पट्टीखाली एका कोपऱ्यात टोच्या हळूच खुपसून पाहिल्यास सीलंटची, म्हणजे काच चिकटवणाऱ्या मसाल्याची, जात कळते. साठ-सत्तरच्या दशकांतील अमेरिकी गाड्यांत वापरलेली ब्यूटाइलची पट्टी इतक्या वर्षांनंतरही चिकट राहते आणि टोच्या बाहेर काढताना तिच्या काळ्या तारा ओढल्या जातात. नंतरच्या गाड्यांतील युरेथेन मात्र कडक रबरासारखे लागते, त्याला तार सुटत नाही. याखेरीज गळती थांबवण्यासाठी कोणीतरी नंतर भरलेले पांढरे किंवा पारदर्शक सिलिकॉन आपल्याकडे सर्रास सापडते. ते कापायला सोपे असते. पण त्याचा अंश चौकटीवर राहिला तर त्यावर पुढे नवे सीलंट धरत नाही.

दुसरी तपासणी काचेच्या प्रकाराची. लॅमिनेटेड काच दोन थरांची असते व मधल्या प्लास्टिकच्या पडद्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. टफन काचेच्या कडेला मात्र एक चुकीचा धक्का बसला की तिचा क्षणात चुरा होतो. मागची काच बहुधा टफन असते आणि जुन्या भारतीय गाड्यांत समोरचीही तशीच असू शकते. कोपऱ्यातील कंपनीचा शिक्का पुसट झाला असेल, तर पोलराइज्ड गॉगल लावून काचेकडे तिरपे पाहावे. टफन काचेत त्यातून ठिपके किंवा पट्टे दिसतात.

नागपुरात या कामासाठी वेळ निवडणे हा अर्धा भाग आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. तशा तापलेल्या काचेवर सीलंट कापताना लागणारे साबणाचे गार पाणी फवारले तर ती तडकण्याचा धोका असतो. उलट डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ब्यूटाइल आणि युरेथेन दोन्ही ताठरलेली असतात. हिवाळ्यात गाडी तासभर कोवळ्या उन्हात ठेवून मग सावलीत काम करणे सर्वांत सोयीचे. हीट गन वापरायचीच असेल तर ती वीतभर अंतरावरून सतत फिरती ठेवावी, कारण एकाच जागी तापलेली काच तेथूनच फुटते.

सामान फारसे लागत नाही. सीलंट कापण्याचा काटकोनी ओढ-चाकू, काच कापून काढण्यासाठी मिळणारी पीळदार पोलादी तार, तार गुंडाळायला लाकडाचे दोन दांडके, काच उचलायचे दोन व्हॅक्यूम कप, टोच्या, प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या, जाड चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा एवढे असले की पुरे. इतवारीच्या हार्डवेअर बाजारात फिरल्यास यातील बहुतेक गोष्टी एका फेरीत मिळतात. तारेऐवजी गिटारची तार चालते असे सांगितले जाते. चालते खरी, पण फार लवकर तुटते. मदतनीस मात्र हवाच.

बॉनेट व डॅशबोर्ड जुन्या रजईने झाकावा आणि चौकटीच्या रंगीत कडेवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्यावेत. वायपर, आतला आरसा, पिलरवरील आतली आवरणे आणि मागच्या काचेला डीफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या तापत्या तारा) असल्यास त्याच्या वायरी काढून घ्याव्यात. मग क्रोमची पट्टी. ती चौकटीवरच्या छोट्या खुंट्यांत अडकवलेल्या क्लिपांनी धरलेली असते. माझ्या मते सर्वाधिक काचा इथेच जातात: पेचकस काचेवर टेकवून पट्टी उचकटली की सगळा जोर काचेच्या कडेवर येतो. पट्टीखाली पातळ हुक सरकवून क्लिप कुठे आहे ते चाचपावे, तिचा दात बाजूला करावा आणि टेकू घ्यायचाच असेल तर तो पत्र्याच्या बाजूला, खाली लाकडाची चीप ठेवून घ्यावा.

आता मुख्य काम. चिकटवलेली काच उपसून काढायची नसते. तिच्यामागचे सीलंट चहूबाजूंनी कापून तिला मोकळी करायची असते. जिथे फट पुरेशी आहे तिथे बाहेरून ओढ-चाकूने एक फेरी मारावी, पाते काचेला समांतर ठेवावे आणि कोपऱ्यांत घाई करू नये. नंतर एका वरच्या कोपऱ्याजवळ टोच्याने सीलंट आरपार भोसकून त्यातून तार आत घालावी. एक माणूस आत, एक बाहेर, दोघांच्या हातात दांडक्यांना गुंडाळलेली टोके. एकाने ओढताना दुसऱ्याने तार ढिली न सोडता हलका ताण ठेवावा व करवतीसारखे लहान लहान हेलकावे द्यावेत. तार रंगाच्या बाजूला न झुकता काचेच्या पाठीलगत चालली पाहिजे, नाहीतर चौकटीचा रंग सोलवटतो आणि पुढच्या गंजाची सोय होते. युरेथेन असेल तर साबणाचे पाणी फवारत राहावे, कारण घर्षणाने तापलेली तार पटकन तुटते.

खालच्या कडेला विशेष जपावे. तेथे काचेचे वजन पेलणारे रबरी ठोकळे असतात आणि तार त्यांत अडकते. अडकली तर जोर न लावता ती मागे घेऊन ठोकळ्याच्या पलीकडे नवे भोक पाडावे. डॅशबोर्डमुळे आतल्या माणसाचा हात तिथे नीट पोचत नाही, म्हणून ही कड संपवायला बाकीच्या तिन्ही कडांइतका वेळ लागला तरी नवल नाही. पूर्ण फेरी झाली असे वाटल्यावर जुने प्लास्टिकचे कार्ड फटीतून सगळीकडे फिरवून पाहावे. ते जिथे अडेल तिथे सीलंट अजून धरून आहे, आणि अशा वेळी आतून लाथ किंवा खांदा लावण्याचा मोह टाळावा.

वरच्या मध्यावरचे चार-पाच इंच मुद्दाम शेवटी कापावेत. त्याआधी काच पुसून व्हॅक्यूम कप बसवावेत आणि मदतनिसाला काच धरून उभे करावे. मोकळी झालेली काच दोघांनी एकाच वेळी, न पिळता, बाहेर उचलावी. ती आडवी न ठेवता दोन लाकडी पट्ट्यांवर जाड कापड घालून, किंचित कलती, भिंतीला टेकवून उभी करावी. टफन काचेचा कोपरा शहाबादी फरशीवर नुसता टेकला तरी घात होऊ शकतो.

चौकटीवर उरलेले ब्यूटाइल आधी पट्टीने खरवडावे आणि मग रॉकेलच्या बोळ्याने पुसावे. तेलकटपणा नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा. हेच रॉकेल लॅमिनेटेड काचेच्या कडेला मुरू देऊ नये, कारण मधला पडदा कडेने सुटून पांढरट होतो. युरेथेन शाबूत असेल आणि काच तिथेच परत बसवायची असेल, तर त्याचा एक-दोन मिलिमीटरचा थर राहू द्यावा, नवे युरेथेन त्यावर चांगले धरते. खालचे दोन कोपरे व क्लिपांच्या खुंट्या मात्र उघड्या पत्र्यापर्यंत घासून पाहाव्यात, गंज बहुधा तिथेच असतो. घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर मारावा. काच परत बसवण्याचे काम एप्रिल-मेमध्ये आले, तर युरेथेन हवेतील ओलाव्याने पक्के होते हे ध्यानात घेऊन, कोरड्या हवेत गाडी ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त काळ उभी ठेवावी.