रोडबाईकवर घाट उतरताय? या चुका टाळा, हात जोडतो

सायकलवर पन्हाळा चढायला दम लागतो हे सगळ्यांना मान्य, म्हणून चढाची तयारी सगळे करतात. कुणी गिअर बदलून घेतंय, कुणी पोट कमी करतंय, कुणी केळं नेमकं कधी खायचं ते व्हिडिओ बघून पाठ करतंय. उतरायचं मात्र आपोआप जमतंय असं वाटतं. रविवारी सकाळी वाघबीळला चहाला थांबलं की वरून येणारी गँग दिसते, दहातल्या आठ जणांची तीच चूक, आता बघवत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो हात हूड्सवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी भागावर) ठेवून, कोपरं ताठ करून उतरणाऱ्यांवर. भावा, ते खाली वळलेलं हँडल कंपनीनं शोभेला दिलेलं नाही. ड्रॉप्समधून, म्हणजे त्या खालच्या वळलेल्या भागातून, बोट ब्रेक लिव्हरच्या खालच्या टोकाला लागतंय, त्यामुळं कमी जोरात जास्त ब्रेक लागतो. हूड्सवरून तोच ब्रेक दाबायला मूठ आवळावी लागते आणि खड्डा आला की हात पुढं सटकायची भीती वेगळीच. ड्रॉप्समध्ये अंगठा आणि बोटं हँडलभोवती अडकलेली असतात, हात सुटत नाही. छाती खाली जाते, म्हणजे वजन खाली जातंय आणि सायकल रस्त्याला धरून चालते. "खाली वाकलं की भीती वाटते" असं सगळे म्हणतात, पण सपाट रस्त्यावर कधी ड्रॉप्स धरलेच नाहीत तर घाटात भीती वाटणारच की. रोज ऑफिसला जाताना थोडं अंतर ड्रॉप्समध्ये चालवा, पंधरा दिवसांत मान तक्रार करायची थांबते. बोट लिव्हरपर्यंत पोचत नसेल तर लिव्हर जवळ घ्यायला बहुतेक मॉडेलला स्क्रू असतोय, मेकॅनिकला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. कोपरं वाकलेली, पकड सैल, सरळ उतारावर दोन्ही पेडल एका पातळीत आणि बूड सीटवरून किंचित उचललेलं. एवढंच.

मागच्या थंडीत एक नवीन पोरगं आमच्याबरोबर आलं होतं. सायकल माझ्यापेक्षा महाग, चढाला सगळ्यांच्या पुढं. वर पोचल्यावर सांगितलं, ड्रॉप्स धर आणि वळणाच्या आधी स्पीड कमी कर. "नको दादा, मला असंच कंट्रोल वाटतंय." बरं म्हटलं. उसाचा सीझन, खालून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या मधनं येतोय, आणि हा गडी डाव्या वळणात निम्मा शिरल्यावर त्याला बघतोय. घाबरून मागचा ब्रेक कचकन दाबला. ब्रेक लागला की वजन पुढं जातंय, मागचं चाक हलकं होतंय, ते लॉक झालं, शेपूट फिरलं आणि स्वारी सरळ गटारात. कोपर सोललं, मागचा हँगर (गिअरचा भाग अडकवतात ती पट्टी) वाकला, बाकी देवाची कृपा. ट्रॅक्टरवाल्यानं उतरून पाणी दिलं आणि वर विचारलं, "एवढ्या महागाच्या सायकलीला ब्रेक नसतोय व्हय?"

ब्रेक होता हो. वेळ चुकली. टायरची पकड ठरावीक असते, ती वळायला वापरा नाहीतर थांबायला, दोन्ही पूर्ण मिळत नाही. म्हणून ब्रेकचं काम वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेकनी उरकायचं. मुख्य काम पुढचाच ब्रेक करतोय, त्याला घाबरू नका, फक्त हळूहळू दाब वाढवा आणि दाबताना बूड मागं सरकवा. स्पीड ३० वरून ६० झाला की ब्रेक लावल्यापासून थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतंय. शिवाय ६० ला एक सेकंद विचार करण्यात गेला तर १६-१७ मीटर गेलेच. आणि नजर. तो पोरगा ट्रॉलीकडं बघत होता. वळण जिथं संपतंय तिथं बघायचं, सायकल नजरेमागं येते.

वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर सगळं वजन. डावीकडं वळताय तर उजवा पाय. आतला पाय खाली राहिला तर पेडल रस्त्याला घासून उडवतंय.

लाइनचं, म्हणजे वळणात कुठून जायचं त्याचं, एक. परदेशी रेसिंगचे व्हिडिओ बघून पोरं पूर्ण रस्ता वापरून वळण कापतात. तिथं रस्ता बंद असतो, इथं समोरून एसटी येते. आपल्या अर्ध्या भागातच खेळायचं. डाव्या वळणात लगेच आत चिकटू नका, नाहीतर बाहेर पडताना समोरच्या लेनमध्ये फेकले जाता. उजव्या वळणात चाक लेनमध्ये असलं तरी वाकलेलं डोकं मधल्या पट्टीच्या पलीकडं जातंय, ते लक्षात ठेवा.

दुसरा राग म्हणजे आंबा घाट किंवा करूळ घाट वरपासून खालपर्यंत ब्रेक नुसता चिकटवून उतरणं. रिम ब्रेकवर (पॅड चाकाच्या कडीला घासतात तो) रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते, कार्बन रिम असेल तर अजून नाजूक प्रकरण. माझी सवय: सरळ पट्ट्यात सोडायचं, वळणाआधी जोरात पण थोडाच वेळ दाबायचा, परत पूर्ण सोडायचा. हात दुखले तर घाटात जागा बघून थांबायचं, दरी बघायची, फोटो काढायचा. खाली लवकर पोचून कोण तुम्हाला फेटा बांधणार आहे? डिस्क ब्रेक असला तरी खाली आल्यावर रोटरला (ब्रेकच्या चकतीला) बोट लावून बघू नका.

स्पीडला हँडल थरथरायला लागलं तर घट्ट पकडू नका, गुडघा टॉप ट्यूबला (सीट आणि हँडलमधल्या वरच्या नळीला) चिकटवा आणि हळू ब्रेक घ्या.

टॉप ट्यूबवर बसून उतरायचं फॅड: २०१६ च्या टूर द फ्रान्स रेसमध्ये ब्रिटिश रेसर क्रिस फ्रूम पेरेसूर्द घाटावरून तसा उतरला आणि स्टेज जिंकला, खरं आहे. पण यूसीआयनं (सायकलिंगची जागतिक संघटना) १ एप्रिल २०२१ पासून ते रेसमध्ये बंद केलंय. त्या लोकांना जे नको ते तुम्हाला जोतिबाच्या उतारावर कशाला पाहिजे?

इअरफोन काढा.

पावसाळ्यात गगनबावड्याकडं कडेला शेवाळ आणि लाल माती, सीझनला उसाच्या कांड्या आणि पाचट, त्यावर झुकलात की संपलं. ओल्यात हवा थोडी कमी ठेवतो मी, आणि पांढऱ्या पट्ट्यांवर वळत नाही.

"कॉन्फिडन्ससाठी कुठलं टायर घेऊ" असं मेसेज करणाऱ्यांनी आधी ब्रेक पॅड काढून बघा. निम्म्यांचे घासून संपलेले असतात, उरलेल्यांच्यात खडीचा कण रुतलेला असतो. पिनेनं उकरून काढा, मग टायरचं बघू.