विद्यापीठ गोल्फ स्पर्धेला निघालात? पुरुष वैयक्तिक गटात फटके घालवणाऱ्या या चुका टाळा

आपल्याकडे गोल्फ खेळणारी बहुतेक मुलं कॅडीच्या सोबतीनं मोठी होतात. पुण्यात येरवड्याला असो की मुंबईत चेंबूरला, पिशवी कॅडी उचलतो, यार्डेज (होलपर्यंतचं अंतर) तो सांगतो, पटची (चेंडू होलमध्ये घालायच्या हलक्या फटक्याची) रेष तो दाखवतो. रफमध्ये (लांब गवतात) गेलेला चेंडू आपण पोचायच्या आत त्यानं हेरून ठेवलेला असतो. मीही या माणसांकडूनच खेळ शिकलो, आणि ते ऋण मी मानतो. पण विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पिशवी बहुधा तुमच्याच खांद्यावर येते. स्विंग घरचाच असतो, मात्र कॅडी निमूटपणे करत होता ती कामं करायला कुणी नसतं. मी पाहिलेले बरेचसे फटके तिथेच गेले आहेत.

जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धांना पूर्वी युनिव्हर्सिएड म्हणत. त्यात गोल्फ कायमचा नाही. तो बँकॉक २००७, शेनचेन २०११, ग्वांगजू २०१५ आणि तैपेई २०१७ इथे खेळला गेला. चारही शहरं आशियातली आणि चारही वेळा जुलै-ऑगस्ट, म्हणजे तिकडेही पावसाचे आणि घामाचे दिवस. पुरुष वैयक्तिक म्हणजे स्ट्रोक प्ले. चार दिवस, ७२ होल, आणि पहिल्या टीपासून (होलच्या सुरुवातीच्या जागेपासून) शेवटच्या पटापर्यंत मारलेला प्रत्येक फटका मोजायचा.

'दिला' ही सवय

रविवारच्या फोरबॉलमध्ये (चौघांच्या खेळात) चेंडू होलपासून हातभर राहिला की समोरचा म्हणतो, 'दिला', आणि आपण तो उचलतो. स्ट्रोक प्लेमध्ये कुणी कुणाला काही देऊ शकत नाही. जागेची खूण न करता चेंडू उचलला तर एक फटका दंड. तो जागेवर परत ठेवून पट पूर्ण करायचा. तसं न करता पुढच्या टीवरून चेंडू मारला तर तुम्ही थेट बाद. हात आपोआप खाली जातो, म्हणून स्पर्धेच्या महिनाभर आधीपासून मित्रांनी दिलेला पटही घेऊ नका. वीतभर असला तरी होलमध्ये घाला.

'अजून एक मारतो'

चेंडू झाडीत गेला. सापडेल की नाही याची खात्री नाही, म्हणून तुम्ही खिशातून दुसरा काढता आणि 'अजून एक मारतो' म्हणून मारता. संपलं. आता पहिला चेंडू फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध सापडला तरी त्याचा उपयोग नाही; दुसराच चेंडू खेळात आहे आणि दंडाचा एक धरून तुमचा पुढचा फटका चौथा आहे. 'प्रोव्हिजनल' (म्हणजे पहिला सापडला नाही तरच धरायचा चेंडू) हा शब्द मोठ्यानं, सोबतच्या खेळाडूंना ऐकू जाईल असा उच्चारा. तैवानचा किंवा कोरियाचा खेळाडू तुमची बाकी भाषा समजो न समजो, हा शब्द त्याला कळतो.

शोधायला तीन मिनिटं मिळतात, पूर्वीसारखी पाच नाहीत. घरी कॅडी आधीच पुढे गेलेला असतो म्हणून ती पुरतात. इथे चेंडू कुठे शिरला ते झाड, ती फांदी डोळ्यांत धरून ठेवायला शिका. चेंडूवर पेननं स्वतःची खूणही करा. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे दोन चेंडू एकाच रफमध्ये पडणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि दुसऱ्याचा चेंडू मारला की दोन फटके गेले.

कार्ड

फटके लिहायच्या या कार्डावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त हळहळ इथेच वाटते.

१९६८च्या मास्टर्समध्ये (अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत) रॉबर्तो दे व्हिसेंझो यांनी सतराव्या होलवर तीन फटके घेतले. मार्करनं (त्यांचं कार्ड लिहिणाऱ्या सोबतच्या खेळाडूनं) चार लिहिले आणि दे व्हिसेंझो यांनी सही केली. जास्त लिहिलेला आकडा तसाच धरला जातो, त्यामुळे ६५ ची फेरी ६६ झाली आणि बॉब गोल्बी एका फटक्यानं जिंकले. आकडा कमी लिहिला गेला असता तर शिक्षा याहून मोठी होती. प्रत्यक्षापेक्षा कमी आकड्यावर सही म्हणजे स्पर्धेतून बाद.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाचं परदेशात तसंच झालं. बाराव्या होलवर सहा फटके झाले होते, कार्डावर पाच होते. त्यानं कार्ड तपासलं नाही असं नाही. त्यानं बेरीज तपासली, आणि लिहिलेल्या आकड्यांची बेरीज अगदी बरोबर होती. बेरीज ही खरं तर खेळाडूची जबाबदारीच नाही, ती समिती करते. आपली जबाबदारी अठरा चौकटींतल्या अठरा आकड्यांची. कार्ड देऊन तंबूतून बाहेर पडून बुटांची नाडी सोडताना त्याला बंकरमधला (वाळूच्या खड्ड्यातला) वाया गेलेला फटका आठवला. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तो उठला, आत गेला आणि स्वतः सांगितलं. त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि मी त्याला एक सवय आधी लावली नव्हती याची खंतही आहे.

ती सवय अशी: प्रत्येक होल संपला की पुढच्या टीवर मार्करला बोटांनी आकडा दाखवायचा आणि त्यानं लिहिलेला पाहायचा. काहींचा १ आणि ७ सारखाच दिसतो. फेरीनंतर सही करण्याआधी होलाचा नंबर आणि फटके असं मोठ्यानं वाचायचं, त्यानं 'हो' म्हणायचं. दोन मिनिटं लागतात.

नियमाबद्दल शंका आली आणि पंच जवळ नसला तर दोन चेंडू खेळण्याची मुभा आहे. पण कोणता चेंडू धरायचा ते फटक्याआधी सांगावं लागतं, आणि कार्ड देण्यापूर्वी ही गोष्ट समितीच्या कानावर घालावीच लागते. दोन्ही चेंडूंवर आकडा सारखाच आला म्हणून गप्प राहिलात तरी बाद होता.

पाऊस

आपल्या क्लबात पावसाळाभर चेंडू उचलून, पुसून ठेवायची सवलत असते. ती गोल्फचा नियम नसून स्थानिक सवलत आहे. तिकडे ती कदाचित मंगळवारी असेल आणि बुधवारी नसेल. रोज सकाळी सूचना फलक वाचा. फोटो काढून फोनमध्ये ठेवलात तर उत्तम.

आकाशात वीज चमकण्याचा धोका सांगणारा भोंगा ओळखा. एक लांब भोंगा म्हणजे तिथल्या तिथे थांबायचं, चेंडू मारायच्या पवित्र्यात उभे असाल तरी. एक पट मारून घेतला तरी बाद. तीन छोटे भोंगे झाले तर सुरू असलेला होल पूर्ण करता येतो.

'दमट हवेत चेंडू जड होतो' हे मी अनेक चांगल्या खेळाडूंकडून ऐकलंय, पण ते खरं नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. पुण्याहून समुद्रसपाटीला गेल्यावर १५० यार्डांच्या फटक्यात तीनेक यार्ड कमी पडतात, ते उंचीमुळे. खरा घोटाळा ओल्या ग्रिपमुळे आणि क्लबच्या (चेंडू मारायच्या काठीच्या) तोंडावरच्या पाण्यामुळे होतो. टॉवेल दोन न्या, एक छत्रीच्या आत टांगलेला कोरडा.

पिशवी आणि यंत्र

क्लब चौदाच. सरावाला घेतलेला जादा वेज (छोट्या, उंच फटक्यांचा क्लब) हॉटेलमध्येच काढा. २००१च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी आघाडीसाठी झुंजणाऱ्या इयान वूजनम यांच्या पिशवीत दुसऱ्या टीवर पंधरावा क्लब निघाला आणि दोन फटके गेले. तिथे तर व्यावसायिक कॅडी होता. अंतर मोजायचं यंत्र वापरायला परवानगी असेल तरी त्यातली चढ-उतार धरून अंतर सांगणारी सोय बंद हवी. ती वापरल्यास पहिल्यांदा दोन फटके, दुसऱ्यांदा बाद.

आणखी एक: शेजारच्या खेळाडूला 'कोणता आयर्न मारलास?' विचारू नका. घरी ती गप्पा असते, इथे ती सल्ल्याची मागणी ठरते आणि दोन फटके लागतात.

घड्याळ

तैपेई आपल्या अडीच तास पुढे, कोरिया साडेतीन. तैपेईत सकाळी सातचा टी टाइम (पहिला फटका मारायची ठरलेली वेळ) म्हणजे तुमच्या शरीराचे साडेचार. निघण्याआधी आठवडाभर झोप रोज थोडी अलीकडे आणा. पाच मिनिटांपर्यंतचा उशीर दोन फटक्यांवर निभावतो, त्यापुढे बाद. घाईघाईनं वेळेआधी टी मारली तरी हाच हिशोब लागतो. स्टार्टरच्या टेबलावरचं घड्याळ आधी बघा आणि आपलं त्याच्याशी जुळवून घ्या.